पोस्टरवर तिघं

५ जाने.
हुडकेश्वरला आशिषच्या घरी प्रॅक्टिस. आमच्या जॅझ ग्रुपचं पोस्टर आलं. मधोमध विक्रांत, सॅक्सोफोन घेऊन. आशिष कीबोर्डवर, बंटी ड्रमवर. मी नाही. माझ्या बेस गिटारची दांडी तेवढी कोपऱ्यात दिसते.
विक्रांत म्हणे, "फ्रेममधी बसतच नव्हती तू, स्मिता."
सहा वर्षं झाली या ग्रुपात.

९ जाने.
बँकेतून थेट प्रॅ.ला. आज स्पष्टच म्हटलं, मले एक सोलो पाहिजे.
विक्रांत म्हणे, "बेसचा सोलो कोण ऐकते यार? लोक चाय प्यायले उठतात."
बंटी हसला. आशिष मान खाली घालून वायर गुंडाळत बसला. शेवटी एका गाण्यात बत्तीस मात्रा दिल्या. दिल्या! त्याच्या घरच्याच आहेत ना मात्रा.

१४ जाने.
बत्तीस मात्रा घोटून घोटून बोटांची कातडी सोलली. बाबा दारात येऊन उभे. "काहून वं, जेवण नाही करत का?" सोलो बसवून राहिली, म्हटलं. ताट तिथंच आणून ठेवलं त्यांनी. स्वतः तीस वर्षं भीमगीतांच्या पार्टीत कोरसमध्ये, मागच्या रांगेत. त्यांना काय सांगू की मला मागे

नाही लिहीत.

१८ जाने.
सीताबर्डीला कार्यक्रम झाला. हॉल भरलेला.
तिसऱ्या गाण्यात विक्रांत वाजवता वाजवता हरवला. आम्ही मुखड्यात, हा मधल्या भागात जाऊन पोचलेला. आशिषचा चेहरा पांढरा. मी मुखडा सोडला, मधल्या भागाचा पहिला सूर जोरात धरला, बंटीकडे पाहिलं. बंटी आला, मग आशिष. दोन सेकंद. ऐकणाऱ्यांना काही कळलं नाही. विक्रांतला टाळ्याच टाळ्या.
पुढच्या गाण्यात माझा सोलो होता. वेळ कमी आहे म्हणून विक्रांतने ते गाणंच गाळलं. मला विचारलंही नाही. बसमध्ये रडले. चिडून.

१९ जाने.
बाबांना रेकॉर्डिंग ऐकवलं. त्या जागी हात वर केला त्यांनी. "थांब. मागं घे." दोनदा ऐकलं.
"हा पोरगा चुकला इथं. तू सांभाळलं त्याले."
विचारलं, बाबा, तुम्हाले कधी समोर उभं राहावंसं नाही वाटलं?
"रोज वाटे." मग म्हणे, "पण गाणाऱ्याचा दम तुटला का आम्ही ओळ उचलत होतो. लोकाइले समजेच ना." आणि हसले, मजेत.
मला नाही आलं हसू. कोणालाच समजत नाही, यात मजा कसली?
तरी ती जागा नंतर मीही चारदा ऐकली. चांगली वाजवली आहे.

२१ जाने.
विक्रांतचा फोन. बराच वेळ इकडचं तिकडचं. मग, "त्या दिवशी मी कुठं गेलो होतो मलेच समजलं नाही. तुले कसं समजलं?"
"मी ऐकून राहिली होती तुले."
मग म्हणे, "पुढच्या वेळी सोलो पक्का तुझा."
म्हटलं, सोलो राहू दे. उद्या प्रॅ.ला आशिष-बंटीसमोर सांग, तू कुठं चुकला अन् कोणं सांभाळलं ते.
"इतकं काय त्यात?"
"इतकंच आहे तर मग मलेच काहून मागावं लागते?"
"पाहतो," म्हणाला.
उद्या जाईन. पण तो बोलेपर्यंत गिटार खोळीतून काढणार नाही.