खिळेमामाचं लिव्हर

प्रिय दादा,

तुझी आणि माझी तक्रार एकच आहे. तुझ्या लिव्हरचा तुकडा बसवून मूल वाचलं, सगळ्यांनी आपल्याला मिठ्या मारल्या, आता काळजी मिटली म्हणाले आणि आपापल्या घरी गेले. पुढे काय होऊ शकतं, हे एकानेही सांगितलं नाही. ते ऐकण्याचा आपला हक्क नव्हता? तू म्हणशील, झालं हिचं भाषण सुरू. होऊ दे. इथे ऐकायला कोणी नाही, निदान तू तरी वाच.

बाजूच्या खाटेवरचा मुलगा परवा घरी गेला. त्याची आई जाताना उरलेला साबण मला देऊन गेली. तेव्हापासून माझ्याशी बोलतात त्या फक्त ताप बघायला येणाऱ्या नर्सबाई. भरल्या सभेत कधी न अडलेला माझा आवाज दुपारी पाणी मागतानाही घोगरा निघतो, कारण पोर औषधांनी झोपेत असते आणि सकाळपासून तो वापरलेलाच नसतो. पोरीचे बाबा गेल्यापासून आम्हां दोघींना तूच होतास, आणि आता तूही फोन उचलत नाहीस.

डॉक्टरीणबाई त्या दिवशी बोलल्या, ते तू अर्धंच ऐकलंस. विषाणू बहुधा मामांच्या लिव्हरबरोबर आला, एवढं कानावर पडलं आणि तू उठून गेलास. उरलेलं ऐक. हा विषाणू बहुतेक मोठ्या माणसांच्या अंगात आयुष्यभर गुपचूप पडून असतो. तुझ्यात आहे, माझ्यातही असेल. तुझं लिव्हर तिच्या शरीराने परकं समजून त्यावर तुटून पडू नये, म्हणून औषधांनी तिची प्रतिकारशक्ती दाबून ठेवली होती. पहारा ढिला पडला आणि त्याने डोकं वर काढलं. रक्तवाहिन्यांच्या भिंतींत जे स्नायू आपल्याला न विचारता काम करतात, त्यांच्या पेशींत शिरून त्याने गाठी केल्या. फार थोड्या मुलांना होतं हे. आपल्या मुलीला झालं. यात गुन्हेगार कोण? तू दिलं नसतंस तर आज गाठी नसत्या आणि तीही नसती. याउपर तुझा एकही युक्तिवाद मी ऐकून घेणार नाही.

मोठी गाठ काढली. दोन लहान आहेत, त्यांच्यासाठी नवं औषध सुरू केलंय आणि प्रतिकारशक्ती दाबणारं जुनं कमी केलंय, म्हणजे तिचं शरीर विषाणूशी लढेल. पण तेच शरीर आता तुझ्या लिव्हरवरही उलटू शकतं. म्हणून पोटात दुखलं, अंग खाजलं, कणकण वाटली, तर तिने त्याच क्षणी सांगायला हवं. डॉक्टरीणबाई तिला रोज बजावतात. जिभेची धार तशीच आहे हं तिची. परवा नर्सबाईंना म्हणाली, तुमच्या सुईपेक्षा आमच्या खिळेमामाचा रंधा बरा. तुझ्या सुतारकामावरून पाडलेलं नाव ती अजून विसरलेली नाही.

आणि काल कपडे बदलताना पोटाला हात लागला तशी ती कळवळली. दोन दिवस दुखत होतं तिला. का नाही सांगितलंस, म्हणून ओरडले, तर म्हणाली, ‘‘मामाने दिलेलं मी खराब केलं ना? म्हणून तो येत नाही. आणखी बिघडलंय कळलं तर परत मागेल.’’ दादा, तू तिकडे समजतोस तू तिला आजार दिलास, आणि इथे नऊ वर्षांची पोर समजते तिने तुझी वस्तू नासवली. रक्त तपासलं, या वेळी लिव्हर शाबूत निघालं. पुढच्या वेळी ती गप्प राहिली तर? मी समजावून थकले. मान डोलावते आणि भिंतीकडे तोंड करते. माझं बोलणं तिथे पोचत नाही. तू मला काही सांगू नकोस, माफी तर मागूच नकोस. येत्या शनिवारी सकाळी ये, आणि ते लिव्हर तिचंच आहे, दुखलं की लगेच सांगायचं, हे तुझ्या तोंडाने तिला सांग.

तुझीच,
धाकटी