इथे कुणाचं म्हणणं खोडत नाहीत

३ एप्रिल

दुपारी सव्वाचार वाजता, गाडीतून पाय खाली टाकताक्षणी, माझी बॅग चुकीच्या मजल्यावर नेण्यात आली. ही एक तक्रार नोंदवून ठेवते आणि मग कौतुकाला लागते, कारण जागा खरोखरच देखणी आहे. लांबट दुमजली इमारत, आणि फाटकापासून दारापर्यंत दोन्ही बाजूंना अशी झाडं, की नुसती फुलंच, पान औषधालाही नाही.

झालं ते असं. खालचा मजला इथल्या म्हाताऱ्या रहिवाशांचा, वरचा आमच्यासारख्या स्वयंसेवकांचा. बरोबर आलेल्या नणंदबाईची बॅग वर गेली, माझी खाली. ती केस रंगवते आणि मी रंगवत नाही, एवढाच आमच्यात फरक. वयाने ती माझ्याहून वर्षभर मोठीच आहे, पण ते ती कुणाला सांगू देत नाही. मी नुसती भुवई वर केली, तशी व्यवस्थापिका लगबगीने पुढे आल्या, हो हो, चूक आमचीच म्हणाल्या, आणि बॅग वर गेली. बाईंचा प्रत्येक शब्द पाकातून काढून ठेवल्यासारखा. मी मनातल्या मनात त्यांचं नाव साखरबाई ठेवलंय. इंग्रजी इथे सगळ्यांना येतं. माझ्याइतकं शुद्ध नाही, पण चालवून घेईन.

निवृत्त झाल्यावर परदेश पाहायचा, पण टूरवाल्याच्या झेंडीमागे मेंढरांसारखं फिरायचं नाही, हे मी ठरवूनच टाकलं होतं. इथे सकाळी म्हाताऱ्यांची सेवा करायची, त्या बदल्यात राहणं-जेवण, आणि दुपारनंतर गाव पाहायला मोकळं. तीस एप्रिलला सकाळी परतीचं विमान. निघताना लेक म्हणाली, आई, तिथे तरी कुणाशी भांडू नकोस. मी म्हटलं, तुझ्या आत्याला बरोबर नेतेय, बाहेरच्यांशी भांडायला मला सवड कुठे मिळणार?

५ एप्रिल

काम समजावून दिलं. मुख्य नियम एकच. रहिवाशांचं म्हणणं कधी खोडायचं नाही. इथे बहुतेकांना विसरण्याचा आजार. एखादे आजोबा म्हणाले, मला कचेरीत जायचंय, तर हो म्हणायचं आणि कोट शोधायला लागायचं. कोट सापडेपर्यंत कचेरी डोक्यातून गेलेली असते. 'नाही' ऐकलं की ही माणसं बिथरतात.

मला पटलं. माझी सारी नोकरी टेलिफोन खात्यात गेली, सुपरवायझर होऊन बाहेर पडले. 'नाही' ऐकल्यावर तारेच्या पलीकडच्या माणसाचं काय होतं, ते मला कुणी शिकवायला नको. नणंदबाईला मात्र पटेना. म्हाताऱ्या माणसांशी धडधडीत खोटं काय बोलायचं, म्हणून तिने साखरबाईंशी चांगला अर्धा तास वाद घातला. साखरबाई प्रत्येक वाक्याला हो म्हणाल्या. शेवटी नणंदबाईच दमली. असं मी आजवर पाहिलं नव्हतं.

आणखी एक गंमत. जेवणघराशेजारी लांब टेबल आहे. तिथे बसून रहिवासी जेवणाच्या रुमालांच्या घड्या घालतात. गठ्ठा झाला की आम्ही आत न्यायचा. आतली बाई ते झटकून मोकळे करते, टोपलीत भरते, आणि टोपली पुन्हा टेबलावर येते. त्यांना वाटतं, आपल्यावाचून घर अडलंय. हसू आलं, आणि हसू आल्याचं जरा वाईटही वाटलं.

८ एप्रिल

नदी, पूल, घड्याळाचा मनोरा आणि एक संग्रहालय पाहिलं. पुलावर नणंदबाई म्हणाली, वहिनी, नकाशा उलटा धरलायत. मी म्हटलं, नकाशा सरळ आहे, तूच उलटी उभी आहेस. मनोऱ्याच्या पायऱ्या चढताना तिने माझ्या चपलांना नावं ठेवली, उतरताना माझ्या दिवंगत नवऱ्याला, म्हणजे तिच्याच सख्ख्या भावाला. मनोऱ्याशेजारच्या चर्चमध्ये शिरताच मी ताठ उभी राहिले आणि हात पाठीमागे घेतले. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी लावलेलं वळण, ते चितेवरच सुटणार. ती म्हणे, वहिनी, इथे छडीवाली कुणी नाही, मोकळं उभं राहा. दिवस फार छान गेला.

११ एप्रिल

जांभळी टोपी घालणारी एक रहिवासी आहे. आज केस विंचरायला तिची टोपी काढली. केस मुळापासून वीतभर पांढरे, पुढे टोकापर्यंत कुळकुळीत काळे. कलप लावणं थांबवल्याला वर्षभर झालं असावं. वयानेही माझ्यासारखीच. तिने माझं मनगट धरलं आणि सांगितलं, मी इथे स्वयंसेवक म्हणून आलेय, गेल्या वसंतात, गाव पाहायला.

मी नियमाप्रमाणे म्हटलं, हो, अर्थातच.

तिचा चेहरा असा उतरला, की मी कानाखाली मारली असती तर बरं वाटलं असतं तिला. म्हणाली, हो म्हणू नकोस. माझ्याशी भांड. काहीही म्हण, पण हो म्हणू नकोस.

दुपारी साखरबाईंना विचारलं, ही खरंच कोण? त्या म्हणाल्या, तुम्हाला वाटतंय तशीच. मला काय वाटतंय, ते मी सांगितलंच नव्हतं.

१४ एप्रिल

किल्ल्याच्या पायऱ्यांवर घोटा मुरगळला. सूज आहे, मोडलेलं नाही. नणंदबाईने गाडीपर्यंत खांदा दिला आणि खांद्याबरोबर व्याख्यानही. त्या चपला घालू नका म्हणून कोकलत होते ना मी! जिना चढू नका असं डॉक्टर म्हणाले, म्हणून मला खालच्या मजल्यावर खोली दिली. तात्पुरती. खिडकीतून बाग दिसते. खिडकी चार बोटं उघडते, पुढे नाही. मोबाईल साखरबाईंच्या ऑफिसात चार्जिंगला आहे.

१७ एप्रिल

पाय जवळपास बरा. बसल्या बसल्या काही काम द्या म्हणून मी ऑफिसात ठणकावून आले. साखरबाईंनी माझ्या खोलीत वेगळी टोपली पाठवली. हे पाहुण्यांच्या खोल्यांचे टॉवेल, फार जपून घडी हवी, रहिवाशांच्या हाती देता येत नाहीत, असा निरोप. मी कडेला कड लावून, सिस्टरांनी पाठ थोपटली असती अशा घड्या घातल्या. जेवायला हल्ली रहिवाशांच्याच टेबलावर बसवतात. जवळ पडतं म्हणे.

नणंदबाई रोज संध्याकाळी येते. वरच्यांबरोबर ती तळं पाहून आली. आता तिला इथलं काम फार आवडायला लागलंय. साखरबाईंनी तिची पाठ थोपटली, सर्वात लवकर नियम अंगी बाणवलेली स्वयंसेवक म्हणून. हिने. नियम. बाणवला.

१९ एप्रिल

आजच्या टोपलीत वरून तिसरा टॉवेल. कोपऱ्यात चहाचा डाग, किल्लीच्या आकाराचा. याची मी काल घडी घातली होती. परवाही घातली होती.

पाय ओढत आतल्या खोलीपर्यंत गेले. दार अर्धं उघडं. आतली बाई माझे टॉवेल एकेक करून झटकत होती आणि टोपलीत टाकत होती. मला पाहून ती दचकलीसुद्धा नाही. गोड हसली.

२१ एप्रिल

साखरबाईंना स्पष्ट शब्दांत सांगितलं.

मी म्हटलं, हा काय खेळ चाललाय? त्या म्हणाल्या, हो, तुमचं अगदी बरोबर आहे. मी म्हटलं, माझा पाय बरा आहे, मला वरची खोली हवी. हो, नक्की. कधी? तुम्ही म्हणाल तेव्हा. आत्ता म्हणतेय. हो, आत्ताच. आणि माझ्या खांद्याला धरून त्यांनी मला याच खोलीत आणून बसवलं. मी आवाज चढवून म्हटलं, मी स्वयंसेवक आहे! त्या म्हणाल्या, हो तर, आमच्या सगळ्यात चांगल्या.

त्यांनी एकदा नाही म्हटलं असतं, तर मी पुरावे दिले असते, वकील आणला असता, आकाशपाताळ एक केलं असतं. हो म्हणणाऱ्याशी कसं भांडायचं? भिंत असती तर डोकं तरी आपटता आलं असतं.

फोन मागितला. हो म्हणाल्या. आला नाही.

२३ एप्रिल

नणंदबाई आली. तिला सगळं सांगितलं. टॉवेल, फोन, खिडकी. ती माझ्यासमोर बसून मान हलवत होती. मला वाटलं, आता म्हणेल, वहिनी, तुमचं आपलं काहीतरीच. म्हणाली, हो वहिनी.

मी लग्न होऊन आले तेव्हापासून या बाईने माझ्या एकाही वाक्याला हो म्हटलेलं नाही. सूर्य पूर्वेला उगवतो म्हटलं असतं, तर ती गच्चीवर जाऊन खात्री करून आली असती.

पाहावं म्हणून मी म्हटलं, तू माझ्याहून वर्षभराने मोठी आहेस, आणि हे मी आज जेवणघरात सगळ्यांना सांगणार आहे. म्हणाली, हो वहिनी, सांगा. मी म्हटलं, तुझा भाऊ तुझ्यापेक्षा माझं ऐकायचा. हो वहिनी. मग मी ते म्हटलं, जे कधीच म्हणू नये. म्हटलं, तुझी आई दुष्ट होती. मला छळून छळून खाल्लं तिने.

तिने माझा हात थोपटला. अगदी शिकवल्यासारखा, वरून खाली, हळू.

म्हणाली, हो वहिनी. होती खरी.

लेकीशी बोलणं झालंय म्हणे तिचं. आई रमलीय, असं तिला कळवलंय. मी नणंदबाईचा दंड धरून गदागदा हलवला. भांड ना गं माझ्याशी, म्हटलं. भांड! तिने माणसं बोलवायची घंटा वाजवली.

२६ एप्रिल

स्वच्छ अक्षरात लिहायचंय. ओळ खाली उतरते —

बागेत गाडी उभी होती. चालक होता. मी टोपीवालीला बरोबर चल म्हटलं. तिने तोंड फिरवलं. मी एकटीच बसले. विमानतळ, म्हटलं. चालक म्हणाला, हो बाईसाहेब. गाडी सुटली. मी रडले, लाज सोडून रडले. दोन्ही बाजूंना ती फुलांची झाडं. एक वळण. पुन्हा फुलांची झाडं. पुन्हा वळण —

दारात साखरबाई उभ्या होत्या. हसत. म्हणाल्या, या, कसं झालं फिरणं? काय काय पाहिलंत?

पाठीमागे नणंदबाई. तीही हसत होती. तसंच. पाकातलं.

२८ एप्रिल

तिची बॅग भरून झाली. वरून ओढल्याचा आवाज आला.

मी दारातून ओरडले, माझीही भर! हो वहिनी, भरते — लगेच, गोड.

माझी बॅग कुठेच दिसत नाही. विचारलं की सगळे हो म्हणतात. कुठे आहे, याचं उत्तर हो कसं असेल? तरी म्हणतात —

आज रुमालांच्या लांब टेबलावर बसवलं. टोपीवाली शेजारी. तिने फक्त माझी घडी उलगडून पुन्हा नीट घातली —

२९ एप्रिल

व्यवस्थापिका यांस —

मला लेखी उत्तर हवं. उद्या, तीस तारखेला, सकाळी सहाच्या आत. तोंडी नको. तुमचं तोंडी उत्तर मला पाठ आहे.

प्रश्न असा घातला आहे, की हो म्हणून सुटता येणार नाही. उद्या सकाळी विमानतळावर जाणाऱ्या गाडीत माझ्या नणंदेबरोबर मी असेन, की ती एकटी असेल? 'दोघी' किंवा 'एकटी' लिहायचं. खाली सही. दुसरा कुठलाही शब्द मी उत्तर म्हणून स्वीकारणार नाही. 'एकटी' लिहिलंत तरी चालेल. निदान ते —

त्या आल्याच. दारात उभ्या आहेत. नणंदबाई मागे. वही माझ्या मांडीवर, तरी उलट्या बाजूने वाचतायत, ओठ हलतायत. मान हलवतायत.

लेखी उत्तर नक्की देते म्हणतात. आत्ताच. फक्त पेन हवं —

पेन एकच आहे. हे. हात पुढे केलाय त्यांनी. मी नाही म्हणाले. मोठ्याने म्हणाले, नाही. त्या म्हणाल्या हो, हो, आणि माझी बोटं एकेक करून उघड