बाबांचं तोंड नदीकडे

विल्मिंग्टन,
११ मे १८९७

प्रिय आईस केझायाचा सप्रेम नमस्कार.

प्रभूच्या कृपेनं आम्ही सारे बरे आहोत. तुझा खोकला कसा आहे? मध घेतेस ना?

काल स्मरणदिनाची फुलं घेऊन बाबांच्या कबरीवर गेले. तू ऐकलंस ते खरं आहे. यादवी युद्धात दक्षिणेच्या आरमारातून लढलेल्या सगळ्यांनाच तिथं पश्चिमेला, नदीकडे तोंड करून पुरलं आहे. शेवटच्या दिवशी मेलेल्यांना उठवायला प्रभू पूर्वेकडून येईल तेव्हा बाबा त्याच्याकडे पाठ करून उठतील, म्हणून त्यांना फिरवून घे, असं तू लिहिलंस. मी कबर खणणाऱ्याशी बोलूनही ठेवलं होतं.

तिथं एसाकाका गवत उपटत बसले होते. जहाजावर बाबांच्या तोफेवर असलेल्यांपैकी आता तेवढेच उरलेत.

ते म्हणाले, "पोरी, नदी दिसू दे, असं त्यानंच सांगितलं होतं. लढलो कशासाठी, याचा जाब देवाला द्यायचाच आहे. तोंड फिरवून तो जाब चुकतोय होय?"

"पण काका, त्यांना प्रभूची हाक ऐकू आली नाही तर?"

"तुझ्या बापाला पहिली हाक कधी ऐकू आली होती?" असं म्हणून हसले, आणि मग डोळे पुसत बसले.

आई, मी कबर उकरू दिली नाही. रागावू नकोस. शेजारची जागा तुझ्यासाठी मागून ठेवली आहे, तुझं तोंड मात्र पूर्वेकडेच. दर रविवारी चर्चसाठी बाबांना हलवून उठवायचीस, तसंच प्रभू येईल त्या सकाळीही उठव.

पण एवढ्यात घाई नको. मध घेत जा.

तुझी लेक,
केझाया