तुमची ऐझॉलची घरमालकीण

बाबा, इथे आखातात, मुसफ्फातल्या आमच्या ऑफिसात गेल्या महिन्यात एक नवी मुलगी रुजू झाली. चेहऱ्यावरून मी तिला फिलिपिनो समजलो आणि पंधरा दिवस तिच्याशी सावकाश, तोडून तोडून इंग्रजी बोलत राहिलो. काल चहाच्या मशीनपाशी तीच हसून म्हणाली, "सर, आय ॲम इंडियन. फ्रॉम ऐझॉल." मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्याच्या बापाने टेलिफोन खात्यात असताना मिझोराममध्ये तीन वर्षं काढली, त्याने ही चूक करावी!

हल्ली मी फार थकतो. पहाटे खलिफा सिटीतून निघायचं, अंधारात परतायचं, मधे नुसते मेल आणि मीटिंगा. थकलो की मला तुमचं तिथलं घर आठवतं, जे मी पाहिलेलंच नाही. दार रस्त्याच्या पातळीला आणि मजले खाली दरीत उतरत जाणारे. रविवारी आपल्या घरी तुम्ही तिकडची बिनतेलाची उकडलेली भाजी करायचात, आई नाक मुरडायची आणि तुम्ही सांगत सुटायचात: डोंगरउतारावर लागलेले शहराचे दिवे, अरुंद रस्त्यावर हॉर्न न वाजवता रांगेत थांबणाऱ्या गाड्या, रविवारी कडेकोट बंद बाजार आणि चर्चमधून येणारं गाणं. बंडखोर आणि सरकार यांच्यातल्या वीस वर्षांच्या धुमश्चक्रीनंतर करार झाला होता. जाळलेल्या गावांबद्दल लोक अजून हळू आवाजात बोलायचे. तरीही तुम्हाला, परक्या माणसाला, टायफॉइड झाला तेव्हा गल्लीतल्या पोरांनी पाठीवर घेऊन चढ चढवला, आणि घरमालकिणीने पंधरा दिवस पेज भरवली. आभार मानले तर ती रागवायची म्हणे. मदत बोलून दाखवायची नसते, ही तिथली रीत.

रिटायर झाल्यावर तुम्ही म्हणालात, "एकदा तिला भेटून येऊ रे. म्हातारी झाली असेल." मी उचलली जीभ लावली टाळ्याला, "तिथे काय आहे बघायला? इकडे या, दुबई दाखवतो." तुम्ही आलात. दुखऱ्या गुडघ्यांनी अख्खा मॉल फिरलात, "छान आहे" म्हणालात. तेवढ्याशा कौतुकावर मीच अभिमानाने फुगून बसलो. पुढच्या वर्षी तुम्ही देवाघरी गेलात, तिला न भेटताच. मला याची लाज वाटते, बाबा. इतकी वर्षं झाली तरी वाटते.

काल त्या मुलीला मी तुमचं सगळं सांगितलं. तिने विचारलं, "डिड ही एव्हर गो बॅक, सर?" मी हो म्हणालो. मीच घेऊन गेलो होतो म्हणालो. म्हातारीने दारातच ओळखलं, चहा केला, दोघं रडले, असंही सांगितलं. थापच मारायची तर हात आखडता कशाला घ्या. ती इतकी हरखली की तिने फोनच काढला. "ख्रिसमसला घरी जातेय, सर. टेल मी हर नेम. आय विल मीट हर."

नाव मला आठवत नव्हतं. तुम्ही ते जेवताना किती वेळा घेतलं असेल, आणि मी नुसता हूं हूं करत असायचो. मीटिंग आहे सांगून सटकलो.

आज सकाळी तिने परत विचारलं. मी सांगून टाकलं, की ती बाई वारली. मुलीचा चेहरा उतरला. "आय ॲम सो सॉरी, सर," ती म्हणाली, आणि मी मान खाली घालून ते ऐकून घेतलं.