डाव्या पायातली वीज

११ जानेवारी, गुरुवार
लिहू लिहू म्हणत आठ दिवस घालवले. पेन्सिल सापडत नव्हती. सापडली तर टोक नव्हतं. टोक केलं तर झोप आली. आज लिहितोच.
३ तारखेला दुपारी माझ्यावर वीज पडली. मी जिवंत आहे. म्हणजे मी यातिरी होणार. आमच्या पठारावर यातिरी असाच होतो: वीज निवडते, मग तो कोकाची पानं टाकून लोकांची दुखणी सांगतो. पहिली वीज मारते, दुसरी तुकडे गोळा करते, तिसरी उठवते. मी कडकडाट तीनदा ऐकला. निदान दोनदा.
आत्याच्या सात मेंढ्या मेल्या. त्याबद्दल नंतर.
डावा पाय गुडघ्याखाली बधिर. हीच खूण.

१२ जानेवारी
निश्चय: रोज पहाटे पानं टाकायची. दारू बंद. शहरात, एल आल्तोला, परत जायचं नाही. बेकरी, शिलाईचा कारखाना, मिनीबसच्या दारात लटकून ओरडणं, यातलं काहीच का टिकलं नाही ते आता कळलं. वीज माझी वाट बघत होती.
पहाट हुकली. दहाला पानं टाकली. सगळी पालथी. वारा होता.

१४ जानेवारी
मेंढ्यांबद्दल. ढग दिसले की आत आण, असं आत्या फोर्तुनाताने बजावून ठेवलं होतं. आणणारच होतो. मध्येच कोल्हा दिसला, त्याच्यामागे गेलो. कोल्हा नव्हता, प्लॅस्टिकची पिशवी होती. तोवर गारा सुरू. मेंढ्या तारेच्या कुंपणाला चिकटून उभ्या. वीज टेकडीकडच्या कोपऱ्यातल्या खांबावर पडली आणि सातही जणी ओळीत आडव्या. कोंबड्यांना काही नाही.
आत्या ओरडली नाही. एकेकीचं नाव घेत पुरलं. खड्डे मी खणले. रडू आलं नाही. पायासारखंच, आत काही लागतच नाही.

१७ जानेवारी
आत्या म्हणाली, निकासिओ, उद्याच्या ट्रकने दवाखान्यात जा. म्हटलं, पाय बरा झाला तर शक्ती जाईल. म्हणाली, शक्ती गेली तर जाऊ दे मेली, पाय गेला तर शेळीमागे काय तुझं तोंड पळणार?
तिला यातलं कळत नाही.

१८ जानेवारी, गुरुवार
ट्रक गेला. मी मोजा शोधत होतो.

२१ जानेवारी
थोरले यातिरी तात क्रिसोस्तोमो यांच्याकडे गेलो, मला शिष्य करा म्हणायला. चार तास, एक पाय ओढत. त्यांनी आधी वाळवलेल्या बटाट्याचा रस्सा वाढला. मग विचारलं, वीज कुठे पडली? खांबावर. तू कुठे होतास? कुंपणाच्या दुसऱ्या टोकाला. किती लांब? चाळीस पावलं.
म्हणाले, अरे, ती खांबावर उतरली, तारेतून धावली, ओल्या जमिनीत पसरली. जमिनीतून जाताना वाटेत जो उभा असेल त्याच्या एका पायातून शिरते, दुसऱ्यातून निघते. मेंढीचे पुढचे-मागचे पाय लांब लांब, वर अंग तारेला टेकलेलं, म्हणून मेली. कोंबडीचे पाय जवळ जवळ, वाचली. तुझे पाय कसे होते?
म्हटलं, फाकलेले.
का?
माझी नजर पँटच्या चेनवर गेली.
म्हातारा इतका हसला की तोंडातली पानं सांडली. म्हणाला, पोरा, तिनं तुला निवडलं नाही. ती चालली होती, तू वाटेत मुतत होतास.
म्हाताऱ्याला एक मुद्दा सांगायचा राहिला: वीज अंगावर घेताना माणसाला कोणी बघितलं तर सगळं फुकट जातं. मला कोणी बघितलेलं नाही.

२२ जानेवारी
मुद्दा आत्याला सांगितला. म्हणाली, मी बघितलं की, चुलीपाशी खिडकीतून. पँटची चेन उघडी, तोंड चिखलात. आधी तुला ओढत आत आणलं, मग मेंढ्यांकडे गेले.
खिडकी लहान आहे. नीट दिसलं नसेल.

२४ जानेवारी
लोकर जळाल्याचा वास. आत्याला विचारलं, काय करपलं? तिनं माझ्याकडे बघितलं. माझा डावा पाय चुलीला टेकला होता, मोज्यासकट. मला पत्ताच नाही. तिनं मोजा सोलला, बरोबर कातडी आली. मेंढ्या पुरताना न रडलेली बाई हुंदके देऊन रडली. मी बघत होतो. पाय दुसऱ्याच कुणाचा तरी.
उद्या ट्रक.

२५ जानेवारी, गुरुवार, सकाळी
भिंतीशी बसलोय. पायाला फडकं. डॉक्टरला काय सांगायचं ते पाठ केलं: वीज पडली नाही, जमिनीतून गेली. मी वाटेत होतो. यातिरी प्रकरण बंद, पानं शेळीला घातली.
हॉर्न वाजला. आत्या आत आली, पण माझी पिशवी उचलेना. म्हणाली, ट्रकमधून एक बाई उतरलीय, नदीपलीकडची. वीज तिच्या अंगावरच पडली, खरीखुरी, तीनदा. खांद्यापासून मनगटापर्यंत भाजलेलं आहे. गावाला ती यातिरी म्हणून हवी आहे. तिला व्हायचं नाही. यातून सुटायचं कसं, ते विचारायला आलीय.
म्हटलं, कुणाला?
म्हणाली, तुला. तात क्रिसोस्तोमोंनी दिलेलं तुझं नाव घेऊन आलीय. दारात उभी आहे.