गादीखालची तांब्याची तार

मंगळवार, दिवेलागण. रिद्धपूर, जत्रेचं मैदान.

कापूस बुडाला तवापासून हा टेम्पोच आमचं घर. जत्रेजत्रेत बांगड्या विकतो, मागं गादी टाकून झोपतो. गादीखाली दिव्यापंख्याची बॅटरी. तिच्यात किती दम उरला ते आकड्यात दाखवणारा मीटर आमच्या ह्यायनं आज सोताच बसवला. आकडे उजळले, ह्यायची छाती फुगली.

मी गादी उचलून पायलं, तर फ्यूजच्या जागी तांब्याची तार पिळून घातलेली. गावच्या घरी फ्यूज उडला का असंच करत. सवय जात नाही.

"अवं, येवढासा मीटर. त्याले फ्यूज कायले?"

"मीटर लहान हाय, बॅटरी लहान हाय का? पत्र्याच्या भोकात वायर घासली तर तापून लाल होईन. वर कापसाची गादी, अन् गादीवर आपण दोघं."

ह्यायनं गादी बाजूले सारली.

परतवाड्याच्या शब्बीर मिस्त्रीनं शिकवलं होतं, "भाबी, पयले मायनस निकालो." तसंच केलं, मायनसची काळी वायर आधी काढली. तांब्याची तार काढून बॅटरीच्या लाल टोकाजवळच बारका फ्यूज टाकला, भोकात रबर बसवलं, मंग काळी वायर जोडली. मीटरवर बारा पॉइंट सहा, म्हंजे बॅटरी भरलेली. आकडे वाचता येतेत मले, तेवढी शाळा पुरे.

पण हे बसवत होते तवाच मी काहून पायलं नाही? गिऱ्हाईक होतं म्हून? त्या तांब्याच्या तारेवर झोपलो असतो.

तार आरशाच्या खिळ्याले टांगली.

"कायले लाज काढतं?"

"लाज नाही. रोज दाढी करतानी दिसली पायजे."

गादी टाकली. आज बॅटरीच्या बाजूनं मीच झोपतो.