तसराळ्यातलं पाणी

२१ मार्च
तसराळं कोरडंच! वर बर्फ वितळतोय, शेतात घोट्याएवढं पाणी, आणि मुरलेलं पाणी मोजायला मीटरभर खाली पुरलेल्या तसराळ्यात थेंब नाही. त्यातून वर आणलेल्या नळीला पंप लावून खेचलं, नुसती हवा आली. चाळीस सेंटिमीटर माती अजून दगडासारखी गोठलेली.

जानेवारीत मीच मामंजींना सांगितलं होतं, "शेतावरचा बर्फ बाजूला करा. ते पांघरूण गेलं की माती तीस सेंटिमीटर गोठेल, काढणीत राहिलेले बटाटे मरतील, तणासारखे उगवणार नाहीत." बटाटे मेले. पण गोठलं जास्तच, आणि आता पाण्याला खाली जायला वाट नाही!

२४ मार्च
कोरडं.

२६ मार्च
खालच्या शेताचे होरिगुची काका बांधावर आले. आमचं पाणी त्यांच्या गव्हाला टेकलंय. "चिहारू, तुझ्या नळ्यांपायी माझा गहू कुजवतेस का गं?"

त्यांना आमच्या शेतातून ओढ्यापर्यंत चर पाडायचाय—नेमका माझ्या पुरलेल्या यंत्रांवरून. तीन वर्षांचं मोजमाप! म्हटलं, चार दिवस द्या. पाणी मुरायला लागलं की तसराळ्यात उतरेल, मग चर कशाला? "चारच हं. नंतर ट्रॅक्टर आणतो," म्हणाले. लाज वाटली मला.

२८ मार्च
कोरडं. सहा वेळा जाऊन आले! आकडेमोड पुन्हा केली, कागदावर पाणी मस्त मुरतं. जेवताना मिसोचं सूप तसंच राहिलं. मामंजी बघत होते. "खा गं. असं तोंड पाडून मुरणार आहे का ते?" मग आंघोळीला गेले. युझू लिंबाची पूड टाकल्याशिवाय टबात पाय ठेवणार नाहीत! घरभर वास.

३० मार्च
आलं! आलं!! पावणेदोन लिटर! बाटली भरून ठेवली आणि तशीच धावत काकांकडे. "चर नको, पाणी मुरतंय!" त्यांनी चालू केलेला ट्रॅक्टर बंद केला. "तुझ्या भरवशावर हं, पोरी." उद्या मोठा पाऊस आहे म्हणे. येऊ दे!

३१ मार्च
तपासायला बाटली उघडली. युझूचा वास.

मामंजी म्हणाले, "नळी गोठली असेल असं वाटलं. टबातलं गरम पाणी तिच्यात ओतलं. तुझं तोंड बघवेना गं."

पाऊस सुरू झालाय. काकांना फोन करून खरं सांगितलं. पलीकडे ट्रॅक्टर सुरू झालेला ऐकू आला. चर कुठून पाडायचा ते दाखवायला निघालेय. यंत्रांवरूनच.